वीस मिनिटं उशिरा वाजलेला भोंगा

संध्याकाळचे पावणेसात झाले की भोंगेमामांचा जीव घरात रमत नाही. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, गुडघे कुरकुरायला लागले, जिने चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तरी या माणसाची चुळबुळ काही थांबत नाही. आधी खिशातलं घड्याळ निघतं, मग ते कानाला लागतं, मग खुर्ची करकरते. मामी स्वयंपाकघरातून न बघताच म्हणतात, "जा हो जा, मंडई खोळंबली असेल तुमच्यासाठी!" म्हणतात टोमण्यानं, पण त्यात थोडं खरंही आहे. ते कसं, तेच सांगायचंय.

मंडईच्या छपरावर आता नुसती एक लोखंडी चौकट उरलीय. नव्या पोरांना विचारलं तर ती पाण्याच्या टाकीची म्हणतील. अरे, टाकी कसली! तिथे भोंगा होता. तीन कोसांवर ऐकू जायचा. सकाळी सहाला वाजला की मंडईची दारं उघडायची, दुपारी एकला वाजला की डबे उघडायचे आणि संध्याकाळी सातला वाजला की ओट्यांवर फडकी पडायची. बाळंतिणी त्यावर बाळाला पाजायच्या, शिंपी त्यावर मशीन थांबवायचे, शाळेतली पोरं त्यावर दप्तर भरायची आणि मास्तरांच्या शिव्या खायची. आणि या सगळ्यांचा दोर एका माणसाच्या बोटात होता. त्या माणसाला खरं नाव होतं, पगारपत्रकावर ते टाइप केलेलंही होतं, पण ते वाचण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. तो भोंगेमामा.

भोंग्याचं बटण असायचं मंडईच्या मधोमध, उंचावरच्या काचेच्या खोलीत. गोल लोखंडी जिना, सव्वीस पायऱ्या, वर चारही बाजूंनी काचा. तिथून एकशे दहाच्या एकशे दहा ओटे दिसायचे. कोण डुलक्या काढतोय, कोण वजन करताना करंगळी लावतोय, कोण शेजाऱ्याच्या पाटीतला टोमॅटो आपल्या पाटीत सरकवतोय, सगळं. मामा बोलायचे नाहीत, नुसतं वरून खाकरायचे. खाली टोमॅटो मुकाट्यानं परत जायचा.

आता भोंगा सातचा म्हणजे सातचा, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात भोंगा घड्याळावर नव्हे, मामांच्या फेरीवर चालायचा. पावणेसातला मामा जिना उतरायचे, हात मागे बांधून सगळ्या रांगांतून एक फेरी मारायचे. कुणाची पाटी रिकामी, कुणाची अजून अर्धी, हे डोळ्यांनीच जोखायचे. कुणाचं बरंच उरलं असेल तर दोन मिनिटं इकडे थांब, चार मिनिटं तिकडे गप्पा मार, असं करत वर जायला उशीर करायचे. भोंग्याआधीच्या त्या मिनिटांत भाव कोसळायचे. त्याला सगळे 'भोंग्याचा भाव' म्हणायचे आणि अर्धा गाव नेमका त्याच वेळेला पिशव्या घेऊन हजर व्हायचा. बटाटेवाला तर ओरडायचा, "या, या, मामा जिन्यावर चढले! सातव्या पायरीपर्यंत निम्म्यात, विसाव्याला फुकट!" विसाव्या पायरीला तो कधी फुकट द्यायचा नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

जिन्याच्या पायथ्यापासून दुसरा ओटा ताईचा. ताई म्हणजे मामांची सख्खी थोरली बहीण. पालेभाज्या विकायची. नवरा लवकर गेला, पदरात एक पोरगी. तिला ओट्याखालच्या खोक्यात झोपवून ताईनं धंदा केला. ती पोरगी बोलायला लागल्यावर वर काचेकडे बोट दाखवून "मामा, मामा" करायची. तिचं ऐकून शेजारचे म्हणायला लागले, त्यांचं ऐकून गिऱ्हाइकं, आणि बघता बघता हा माणूस जगाचा मामा झाला. फक्त ताई त्याला 'छोट्या' म्हणायची. डोक्यावर एक काळा केस उरला नाही तरी छोट्या!

पालेभाजीचं नशीबच वाईट. बटाटा आठ दिवस थांबतो, कांदा महिनाभर थांबतो, पालेभाजी सकाळची संध्याकाळपर्यंत थांबत नाही. ताई ओलं गोणपाट टाकून ती तगवायची. दिवसाची शेवटची जुडी मात्र ती कधीच विकायची नाही. ती छोट्याची. फेरीत मामा तिच्या ओट्यापाशी आले की ती त्यांच्या हातात ठेवायची, ते "कशाला गं रोज?" म्हणायचे, ती "जास्त बोलू नकोस" म्हणायची. अशी ही दोघांची तीस वर्षांची प्रार्थना. घरी मामी कपाळाला हात लावायच्या. "रोज पालाच! बकरी समजलात का मला?" पण एखाद्या दिवशी जुडी आली नाही तर पहिली चौकशी त्याच करायच्या, "ताई बऱ्या आहेत ना हो?"

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग ती साथ आली.

पहिले तीन आठवडे तर मंडईला कुलूपच होतं. मामांना मात्र रोज जावं लागायचं, भोंग्याची यंत्रं चालू ठेवायला. रिकामी मंडई त्यांनी जन्मात बघितली नव्हती. ओट्यांवर मांजरं पसरलेली, नळ ठिबकतोय, आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येतोय. मामा वर जाऊन काचा पुसायचे आणि खाली यायचे. इकडे ताईच्या घरात भाचीचं कपड्यांच्या दुकानातलं काम सुटलं होतं, आणि ताई हात बांधून बसली होती. "छोट्या," ती फोनवर म्हणाली, "आजार येईल तेव्हा येईल रे. भूक रोज येते बघ, दोनदा."

चौथ्या आठवड्यात आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. वय भाचीएवढंच, म्हणजे तिशीचं. नाकातोंडावर मास्क, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चालणं मात्र तुरुतुरु. सगळ्यांना अंतरावर उभं करून त्यांनी सांगितलं, की मंडई सुरू, पण दिवसाला दोनच तास. सकाळी सात ते नऊ. सातला भोंगा, नऊला भोंगा, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. मग त्या मामांकडे वळल्या.

"मामा, वय काय तुमचं?"

"पंचावन्न."

"साखर?"

"आहे थोडी."

"मग तुमची फेरी बंद. खाली उतरायचंच नाही. तुम्ही वरून मोजायचं."

असं म्हणून त्यांनी मामांच्या हातात दोन छोटी यंत्रं ठेवली. खटका दाबला की आकडा एकानं पुढे सरकतो, अशी. एका हातानं आत येणारी माणसं, दुसऱ्या हातानं बाहेर जाणारी. दर दहा मिनिटांनी आत किती उरली ते वहीत लिहायचं. दोनशेच्या वर गेली की धोका.

"बाई," मामा म्हणाले, "चौतीस वर्षं मी या मंडईत फेरी मारतोय."

"मामा, माझ्याकडे खाटा आहेत चाळीस," बाई म्हणाल्या. "आणि या दारातून रोज हजार माणसं जातात. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"तुमच्या खाटा चाळीस, कबूल. पण इथले ओटे एकशे दहा आहेत, आणि एकेका ओट्यामागे एक चूल आहे. तेही मोजा."

बाईंना राग आला नाही. त्या थकून म्हणाल्या, "मोजते ना. रोज मोजते. दोन्हीची बेरीजच जुळत नाही." आणि निघून गेल्या. मामांना ही मुलगी आवडली. खोटं बोलत नव्हती.

तर मामा वर अडकले. दोन हातांत दोन खटके, नाकावरून घसरणारा चष्मा, समोर वही. खाली ताई. मंडई उघडी राहिली तरच ताईची चूल पेटणार होती, आणि मंडईतल्या याच गर्दीत एखाद्या शिंकेनं ताई जाऊ शकत होती. मामांना दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं. सगळी मंडई त्यांची होती हे खरं, पण खोटं कशाला बोला, सगळ्या मंडईत त्यांची नजर फिरून फिरून त्या दुसऱ्या ओट्यावरच यायची.

जुडीचं काय करायचं, हा पेच ताईनंच सोडवला. "वरून दोरी सोड," ती ओरडली. मामांनी दोरीला कापडी पिशवी बांधली. नऊचा भोंगा वाजला, दारं लागली, गर्दी ओसरली, की ते खिडकीतून पिशवी खाली सोडायचे, ताई तिच्यात जुडी टाकायची, मामा वर ओढून घ्यायचे. बटाटेवाला म्हणायचा, "काय मामा, विहिरीतून पाणी काढताय का?" इतक्या वाईट दिवसांत तेवढंच हसायला मिळायचं. पिशवी वर गेली की ताई मान वर करून हात हलवायची आणि मगच घरी जायची.

मंडई पुन्हा उघडल्याच्या बाराव्या दिवशी गुरुवार होता. भाजीचा ट्रक नाक्यावर अडवला होता, त्यामुळे पालेभाजी यायलाच आठ वाजले. ताईनं घाईघाईनं ओटा मांडलेला मामांनी वरून बघितला. दोन तासांतला एक तर गेलाच, आता एका तासात एवढा पाला खपणार कसा? आणि खपला नाही तर उद्या त्याचा चिखल.

नऊ वाजले. शेवटच्या गर्दीत मोजताना मामांना दारावरून नजर काढता आली नव्हती, आता त्यांनी खाली बघितलं. ओट्यांवर फडकी पडत होती. ताई मात्र बसलेली. तिच्यापुढे ओलं गोणपाट, आणि गोणपाटाखाली चांगला हातभर उंचवटा.

चौतीस वर्षं जे बोट घड्याळाला बधलं नव्हतं, ते आता तरी कसं बधणार? फेरी मारता येत नाही म्हणून काय झालं, नजरेनं तर मारता येते! पाच मिनिटं, मामा मनाशी म्हणाले. पाचात काय बिघडतंय?

पाचाची दहा झाली. उंचवटा तसाच. आणि बाहेर बातमी फुटली, की नऊ वाजून गेले तरी भोंगा झाला नाही. म्हणजे काय? म्हणजे भोंग्याचा भाव! इतके दिवस घाबरून घरात बसलेली माणसं पिशव्या घेऊन धावत सुटली. मामांच्या उजव्या हातातला खटका टकटक टकटक करायला लागला. दोनशे केव्हाच मागे पडले. तीनशे. साडेतीनशे. लोक एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून भाज्या उचलत होते. गोणपाटाकडे बघावं तर उंचवटा हलत नाही, गर्दीकडे बघावं तर धीर सुटतो. शेवटी नऊ वीसला त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मंडई रिकामी व्हायला आणखी वीस मिनिटं लागली. मग मामांनी दोरी सोडली. पिशवी वर आली, तिच्यात पालकाची एक जुडी. खाली ताईची टोपली रिकामी. मामांनी सुटकेचा श्वास टाकला. चला, खपली बाईची भाजी! वीस मिनिटं कारणी लागली. त्या दिवशी घरी जाताना ते चक्क शीळ घालत होते.

त्या गुरुवारानंतर नवव्या दिवशी ताईला ताप आला.

दोन दिवसांत श्वास लागायला लागला आणि चाळीसपैकी एक खाट ताईची झाली. भाचीला आत सोडत नव्हते, मामांना तर दारातही उभं करत नव्हते. मामा सकाळी ओट्याकडे बघायचे आणि संध्याकाळी फोनकडे. जेवण तोंडात फिरायचं. मामींनी एकदा विचारलं, "एवढं काय मनाला लावून घेताय? येतील घरी." त्यावर मामा ताटावरून उठले. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? माझ्या बहिणीला मी वीस मिनिटं जास्त बसवलं, आणि तीनशे माणसं तिच्या अंगावर सोडली?

शनिवारी डॉक्टरीणबाई सव्वीस पायऱ्या चढून वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "मामा, वाईट बातमी आहे. ताई आहेत तशाच आहेत, त्यांची नाही. मंडईची. गर्दी आवरत नाही, सोमवारपासून पुन्हा कुलूप."

मामांचा बांध फुटला. त्या पोरीएवढ्या बाईसमोर त्यांनी सगळं ओकून टाकलं. गुरुवार, गोणपाट, वीस मिनिटं, सगळं. "माझ्यामुळे झालं बाई. मीच घातली तिला मृत्यूच्या तोंडात."

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मामा, त्यांना लागण त्या वीस मिनिटांत झाली, की त्याच्या आधी, की नळावर, की घरी, हे जगात कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही. आणि खरं सांगू? नऊच्या आधी तरी कुठे कमी गर्दी असते इथे? वही दाखवा बरं."

मामांनी डोळे पुसत वही पुढे केली. बाईंनी बोट ठेवलं. सात वाजून दहा, दोनशे ऐंशी. मग उतरत उतरत आठला नव्वद. मग पुन्हा चढत आठ पन्नासला तीनशे दहा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मामा वहीकडे बघत राहिले. हा आकडा त्यांनीच लिहिला होता, रोज, स्वतःच्या हातानं, आणि तरी तो त्यांना आजच दिसत होता. पहिली लाट सातच्या भोंग्याला, दुसरी नऊच्या भोंग्याआधी, मधल्या वेळात मंडई मोकळी. गर्दी भाजीला येतच नव्हती. गर्दी भोंग्याला येत होती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "भोंगा बंद करा."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन तास नकोत आणि भोंगाही नको. दार उजाडताना उघडा, अंधारताना लावा. मध्ये काही वाजवायचंच नाही. दोन तास दिलेत म्हणून हजार माणसं दोन तासांत घुसतात. बारा तास द्या, हवी तशी पांगतील."

"पण भोंगा नाही तर लोकांना कळणार कसं?"

"कळूच नये, बाई! शेवट कधी ते कळलं नाही, तर शेवटच्या भावाला धावणार कोण?"

बाईंनी काचेतून खाली बघितलं. "बारा तास उघडं ठेवलं आणि आकडा चढला, तर माझी नोकरी जाईल."

"नाही चढला तर माझी," मामा म्हणाले.

बाईंनी झटकन त्यांच्याकडे बघितलं. भोंगेमामा, आणि भोंगा नाही! त्यांच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. "चार दिवस देते," त्या म्हणाल्या. "फक्त चार."

खाली एकच गिल्ला झाला. बटाटेवाला तर मामांच्या नावानं शंख करायला लागला. "अहो, भोंगा नाही तर मी भाव पाडू कधी?"

"पाडूच नकोस की!" मामा वरून ओरडले. "तीस वर्षं पाडतोयस, तराजूचा काटा कधी गिऱ्हाइकाकडे नाही पाडलास!"

त्या चार दिवसांत मामांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खटके दाबले. बोटांना फोड आले, मामींनी चिंधी बांधून दिली. सोमवारी सगळ्यात वरचा आकडा एकशे साठ. मंगळवारी एकशे पस्तीस. बुधवारी दुपारी दोनला मंडईत बावीस माणसं होती आणि लिंबूवाला गिऱ्हाइकाशी चार हातांवरून निवांत गप्पा मारत होता. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी वही बघितली, मिटली, आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. मंडईला कुलूप लागलं नाही. पुढे साथ दुसऱ्यांदा उसळली, गावात बाकी सगळं बंद झालं, तरी मंडईला लागलं नाही.

म्हणजे मंडईत कुणी आजारीच पडलं नाही, असं नाही. तोच लिंबूवाला गेला. अंडी विकणाऱ्या आजी गेल्या. त्यांच्या ओट्यांवर महिनाभर कुणी बसलं नाही. पण एकशे दहा चुलींपैकी एकही विझली नाही, हेही तितकंच खरं. ताईच्या ओट्यावर भाची बसायला लागली, आणि पहिल्याच दिवशी तिनं न सांगता एक जुडी बाजूला काढून ठेवली.

ताई तेवीस दिवसांनी घरी आली आणि दोन महिन्यांनी ओट्यावर. निम्मी झाली होती. पूर्वी तिची हाक तिसऱ्या रांगेत ऐकू जायची, आता शेजारच्या ओट्यापर्यंत जेमतेम. चार पावलं चालली की थांबायची, हसली की खोकायची. मामांनी तिला वरून बघितलं आणि जिन्याचा कठडा घट्ट धरला. खाली जाऊन सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. तोंड उघडलं नाही.

साथ ओसरली. भोंगा पुन्हा सुरू करायचा का, म्हणून बैठक झाली. सगळे म्हणाले, आता कशाला? प्रत्येकाच्या खिशात फोन होता, फोनात घड्याळ होतं, आणि बारा तासांची सगळ्यांनाच सवय लागली होती. मामांनी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही. पहिल्या पावसाळ्यात यंत्राला गंज चढला, तिसऱ्या वर्षी भंगारवाला येऊन कर्णा उतरवून घेऊन गेला. मामा त्या दिवशी रजेवर होते. एवढी वर्षं नोकरी केली, पोटात दुखतंय म्हणून रजा त्यांनी त्या एकाच दिवशी घेतली.

फेरी मात्र परत सुरू झाली. आता तिला काही अर्थ नव्हता, फेरीनंतर काही वाजणार नव्हतं. तरी पावणेसातला मामा जिना उतरायचे, हात मागे बांधून सगळ्या रांगांतून जायचे, आणि गंमत म्हणजे ते जाईपर्यंत ओट्यांवर फडकी पडायची नाहीत. मामा पुढे गेले की मागे एकेक फडकं पडत जायचं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललंही नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना रिकाम्या ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. बटाटेवाल्यानं भाषण केलं, त्यात स्वतःबद्दलच जास्त सांगितलं. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आता त्यांच्या कडेवर एक मूल होतं. ते मूल मामांच्या घड्याळाला लोंबकळत विचारत होतं, "भोंगा म्हणजे काय?" सगळे आठवून आठवून सांगत होते, तोंडानं आवाज काढून दाखवत होते, आणि एकाचा आवाज दुसऱ्याशी जुळत नव्हता.

सगळे पांगल्यावर मामा ताईच्या ओट्याच्या कडेला टेकले. आज नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"ताई, एक सांगायचंय. पाच वर्षं झाली, सांगितलं नाही. तो गुरुवार आठवतो? भाजी उशिरा आली होती. भोंगा वीस मिनिटं उशिरा झाला."

"आठवतो की. मला वाटलं वीज गेली."

"वीज नव्हती गेली. मी वाजवला नाही. तुझा माल उरला होता ना, वरून दिसत होतं. म्हटलं, खपू दे बाईचा. आणि मग ती सगळी गर्दी..." मामांनी घड्याळ खिशातून काढलं आणि परत ठेवलं. "त्यातच तुला झालं, ताई. माझ्यामुळे."

बघता बघता तिचा चेहरा असा काही झाला, की मामांना कळेना, ती रागावलीय की काय.

"माल कुठला रे?" ती म्हणाली. "लोक तुटून पडले होते त्या दिवशी, नऊच्या आधीच सगळा खपला माझा."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस? गोणपाटाखाली एवढा उंच ढीग..."

"टोपली होती ती. पालथी घातली होती. तिच्यावर तुझी जुडी ठेवली, सुकू नये म्हणून वर ओलं गोणपाट टाकलं." ताईला धाप लागली, ती थांबली. "मी तर दोरीची वाट बघत बसले होते, छोट्या. तू भोंगा झाल्याशिवाय दोरी सोडायचा नाहीस, आणि जुडी दिल्याशिवाय मी जायची नाही."

मंडईत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"मग गोणपाट उचलून दाखवायचं नाहीस होय, वेडाबाई?" मामा म्हणाले. "नऊलाच वाजवला असता मी!"

"आणि तुला दोरी सोडायला काय झालं होतं रे, शहाण्या? नऊलाच गेले असते मी!"

मग ताईला हसू फुटलं, मामांनाही फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता ताईला खोकला आला. तो लवकर थांबेना. मामांनी एका हातानं तिची पाठ धरली. दुसऱ्या हातानं त्यांनी तिच्या पुढ्यातलं गोणपाट उचललं. खाली पालथी टोपली होती, आणि टोपलीवर एक जुडी.